चौऱ्याण्णव टक्के

हेमांगी रेणापुरेला आकड्यांची भीती कधी वाटली नव्हती, माणसांची वाटायची. माणूस आज एक बोलतो, उद्या दुसरंच. आकडा बिचारा ठेवाल तिथं बसतो. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत तिचं या तत्त्वावर बरं चाललं होतं. मग एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता, परीक्षा प्राधिकरणाच्या कचेरीत, चहाचा कप हातात असतानाच, तिच्यासमोरच्या पडद्यावर त्रेसष्ट नावांची यादी उघडली आणि एकेचाळिसाव्या ओळीवर तिची नजर अडकली.

रेणापुरे ईश्वरी प्रल्हाद. केंद्र उदगीर.

तिनं कप खाली ठेवला, चष्मा पुसला आणि ती ओळ पुन्हा वाचली. नाव तेच, जन्मतारीख तीच.

ईश्वरी म्हणजे तिच्या सख्ख्या भावाची मुलगी. वहिनी आजारी होती तेव्हा चौथी-पाचवीची दोन वर्षं ती पुण्याला आत्याकडेच राहिली. हेमांगीनं लग्न केलं नव्हतं, त्यामुळे लेकरू म्हणून काय ते हेच. भाकरी थापता थापता तिनं पोरीला पावकी शिकवली होती. पावकी म्हणजे कुठल्याही आकड्याचा पाव भाग, तोंडी, न अडखळता. हल्ली शाळेत कुणी शिकवत नाही, पण रेणापुऱ्यांच्या घरात ती आजोबांपासून चालत आलेली. 'दहा पावकी?' 'अडीच!' 'अकरा पावकी?' 'पावणेतीन!' पाचवीच्या शिष्यवृत्तीच्या वेळी तिनं आणखी एक गोष्ट शिकवली होती, भावाला चोरून. भाऊ शाळामास्तर, त्याला अंदाजानं उत्तर देणं म्हणजे चोरीच वाटे. हेमांगी म्हणाली होती, "नाहीच आलं तर मनाला विचारू नकोस. मन लबाड असतं, आवडता पर्याय गळ्यात मारतं. बाहेरचं काहीतरी धर आणि त्याला विचार."

आता ती पोरगी एकोणीस वर्षांची होती. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला दुसऱ्यांदा बसली होती, आणि यादीच्या माथ्यावर लिहिलं होतं: 'प्रश्नपत्रिका आधी मिळालेले उमेदवार.' निकाल रद्द, दहा वर्षं बंदी, शिवाय फौजदारी गुन्हा. सुनावणी येत्या सोमवारी.

यादी कशी तयार झाली हे हेमांगीला कुणी सांगायची गरज नव्हती. सापळा तिनंच लावला होता.

पेपर फुटायचे, ओरड व्हायची, चार दलाल पकडले जायचे. फुटलेला पेपर कुठल्या मुलांपर्यंत पोचला, हे मात्र कधीच सिद्ध व्हायचं नाही. म्हणून परीक्षा प्राधिकरणानं एक यंत्र आणलं. ते दोनशे प्रश्नांत वीस पोकळ प्रश्न पेरायचं. दिसायला अगदी अस्सल, एखाद्या औषधाचा परिणाम, एखाद्या शेवाळाचं प्रजनन. पण ते औषध कुठल्या दुकानात नाही आणि ते शेवाळ कुठल्या डबक्यात उगवलेलं नाही. चारही पर्याय सारख्याच वजनाचे. उत्तरतालिकेत त्यातला 'बरोबर' कोणता, हे यंत्र चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं, आणि ती चिठ्ठी अणूंच्या खळबळीतून निघायची, म्हणजे माणसाच्या डोक्याचा तिथं संबंधच नाही. प्रत्येक मुलाला प्रश्न आणि पर्याय वेगळ्या क्रमानं दिसायचे, त्यामुळे शेजाऱ्याचं बघूनही उपयोग नाही. या विसांचे गुण धरले जात नव्हते. चुकीच्या उत्तराला गुण कापणं बंद झालेलं, म्हणून कुणी प्रश्न सोडतही नव्हतं. पोरं प्रामाणिकपणे डोकं खाजवायची आणि शेवटी कशावर तरी बोट ठेवायची.

मग गणित सोपं. चारांतून एक, म्हणजे उत्तर बरोबर यायची शक्यता पाव. विसांतली सरासरी पाच बरोबर येणार. कुणाची तीन येतील, कुणाची आठ. चौदा किंवा त्याहून जास्त यायची शक्यता लाखात तीन. जे जगात कुणालाच येत नाही ते एखाद्याला चौदा वेळा येत असेल, तर त्यानं उत्तरं आधी पाहिलेली असणार. चौदाची रेघ हेमांगीनं स्वतःच्या हातानं आखली होती.

ईश्वरीची चौदाच होती.

नातेवाईक यादीत असल्याचं तिनं लगेच लेखी कळवलं. नियमच होता तसा. मग रजा टाकली आणि उदगीरची गाडी धरली.

बुधवारी दुपारी ती दारात उभी राहिली तेव्हा प्रल्हाद नोटीस हातात घेऊन खुर्चीत बसला होता. वाचत नव्हता, नुसती धरून बसला होता.

"तेवीस वर्षं झाली मला शाळेत," तो म्हणाला. "एका लेकराला कॉपी करू दिली नाही. अन् आता माझ्याच घरात ही नोटीस. गावात तोंड कुठं दाखवू, हेमा?"

"ईशू कुठं आहे?"

"आत. कालपासून जेवंना झालीय. तू तर तिथंच हैस ना गं? तुला काय कळलं का न्हाई आधी?"

ईश्वरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती. आत्याला बघून ती उठली, पाया पडली आणि तिचा हात घट्ट धरून तिथंच पुन्हा खाली बसली. हेमांगीही जमिनीवर टेकली.

"आत्या, मला नाही कळालं त्यांना माझं काय दिसलं. मला जे येत न्हवते ना, ते मी तुझ्या—"

"थांब!"

हेमांगी इतक्या जोरात बोलली की बाहेर प्रल्हादची खुर्ची करकरली.

"प्रश्नांबद्दल एक अक्षर बोलू नकोस. मला नाही, कुणालाच नाही. मी प्राधिकरणाची अधिकारी आहे, ईशू. मी पेपराबद्दल तुझ्याशी बोलले असं निघालं तर तुझी केस तिथंच संपेल. सोमवारीही विचारलं त्यालाच हो-नाही म्हणायचं. कळलं?"

हेमांगीनं आवाज खाली आणला.

"एवढंच सांग. पेपर आधी बघितला होतास का?"

हे विचारताना ती ईश्वरीच्या डोळ्यांकडे बघत होती. पापणी लवते का, नजर खाली जाते का, हे तपासत होती. आणि ती तपासतेय हे समोरच्या पोरीला दिसलं.

"नाही," ईश्वरी म्हणाली. तिनं हात सोडवून घेतला आणि चहा टाकायला उठली.

परतीच्या वाटेवर हेमांगीच्या डोक्यात एकच भुंगा होता. लाखात तीन. ही माझी पोर की ते माझं गणित, दोघांपैकी एक खोटं आहे. गणित तिनं शंभरदा तपासलेलं होतं. आणि मनाच्या तळाशी एक लाजिरवाणा विचार होता: पोरीनं दुसऱ्या खेपेला घाबरून काही केलं तर नसेल? असा विचार येतो हेच तिला सहन होत नव्हतं, पण येत होता खरा.

गुरुवारी कचेरीत जाऊन तिनं आपलीच जुनी फाइल काढली. चार वर्षांपूर्वीचा तिचा अहवाल, पहिल्या चाचणीचा. तीन केंद्रं, अठराशे मुलं. त्यावर तिचंच वाक्य होतं: 'चौदा बरोबर येणारा उमेदवार केवळ नशिबानं सापडण्याची शक्यता नगण्य समजावी.'

अठराशे मुलं! ती खुर्चीत ताठ झाली. अठराशे मुलांत लाखात तीनची गोष्ट घडत नाही, हे खरंच होतं. पण यंदा परीक्षेला वीस लाख बसले होते. तिनं कागदावर गुणाकार केला. करायची गरजही नव्हती, शाळकरी गुणाकार होता. लाखात तीनला किंचित कमी, गुणिले वीस. एकोणसाठ.

पेपर कुठंही फुटला नसता, देशभरातलं एकूण एक पोर हरिश्चंद्राचा अवतार असतं, तरीही एकोणसाठ नावं यादीत येणारच होती. आली होती त्रेसष्ट.

वरच्यांनी तिचा आकडा उचलला होता, तो कुठल्या गर्दीसाठी काढला होता ते न बघता. आणि तिनं ते वाक्य लिहिताना गर्दीचा उल्लेखच केला नव्हता. त्रेसष्ट घरांत नोटिसा गेल्या होत्या, त्या तिच्या एका ओळीवर.

महासंचालक वाघचौरे तिचं सगळं ऐकून घेईपर्यंत पेन टेबलावर आपटत राहिले.

"मॅडम, लाखात तीन म्हणजे नव्व्याण्णव पूर्णांक नऊशे सत्त्याण्णव टक्के खात्री. तुमच्याच अहवालात आहे."

"ती खात्री तशी उलटी वाचता येत नाही, सर. वीस लाख माणसांनी डोळे मिटून आंब्याला दगड मारले, तर साठेक कैऱ्या पडणारच. ज्याच्या पायाशी कैरी पडली त्याला नेमबाज म्हणायचं? आणि तेवढ्यावरून तुरुंगात टाकायचं?"

"आणि हे जाहीर केलं की पोकळ प्रश्न आहेत हेच जाहीर होतं. पुढच्या वर्षी सापळा कुणासाठी लावायचा? खऱ्या चोरांना रान मोकळं." वाघचौरे पुढे झुकले. "तुमची भाची आहे ना यादीत? तिचं बघू आपण. एखादं नाव तांत्रिक चुकीनं आलं असं दाखवता येतं. बाकीचं तुम्ही नका काढू."

हेमांगीला वाटलं होतं की असं काही कुणी म्हणालं तर आपल्याला संताप येईल. संताप आला नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं, अगदी क्षणभर, आणि त्या क्षणाची तिला पुढे कितीतरी दिवस शिसारी येत राहिली.

"बाकीची बासष्ट?" ती म्हणाली.

"सोमवारी समितीनं विचारलं तेवढंच बोला. नोकरीची काळजी असेल तर."

सोमवारी सुनावणीच्या दालनात बाकं भरली होती. पोरं घरच्यांना चिकटून बसलेली, कुणाच्या हातात दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची फाइल, कुणाच्या मनगटाला नवस बोललेला दोरा. दुसऱ्या बाकावर प्रल्हाद आणि ईश्वरी. समितीच्या अध्यक्षा कुमुद साळवी, निवृत्त न्यायाधीश, वयस्क आणि मितभाषी बाई, त्यांनी हेमांगीला शपथ दिली आणि एकच प्रश्न विचारला, "ही पद्धत विश्वसनीय आहे का?"

"होती," हेमांगी म्हणाली. "अठराशे मुलांसाठी."

मग तिनं सगळं सांगितलं. पोकळ प्रश्न, चिठ्ठ्या, पाव, चौदा. वाघचौरे दोनदा उठून हरकत घ्यायला लागले. साळवीबाईंनी त्यांना हातानंच बसवलं. एकोणसाठ हा आकडा आला तेव्हा बाईंनी स्वतः कागदाच्या कोपऱ्यावर गुणाकार केला आणि तो दोनदा अधोरेखित केला.

"म्हणजे यातली चार मुलं दोषी?"

"चार असतील, एकही नसेल. एवढं कमीजास्त नशिबानंच होतं. असलीच तर ती चार कोण, हे या यादीवरून जगातला कुणीही गणिती सांगू शकणार नाही. आणि चूक माझी आहे. ते वाक्य माझं आहे."

दालनात कुजबुज झाली. कुणाची तरी आई रडायला लागली. वाघचौरे आता शांतपणे उभे राहिले.

"एक विचारतो, मॅडम. यादीतल्या एकेचाळीस क्रमांकाच्या उमेदवार तुमच्या कोण?"

"माझी भाची आहे. मी मंगळवारीच लेखी कळवलंय."

"तुमच्याच घरी वाढलेली. तुम्ही तिला सगळ्यांत जवळून ओळखता. तिनं पेपर आधी पाहिला नव्हता, असं शपथेवर सांगता?"

हेमांगीनं बाकाकडे पाहिलं. ईश्वरी तिच्याकडेच बघत होती. इतके दिवस धड न जेवलेला तो चेहरा आता उजळला होता, कारण प्रश्न सोपा होता. याचं उत्तर आत्याला येत होतं.

हो म्हणावं, एवढंच तर करायचं होतं. पण हो म्हटलं की उद्या सगळीकडे एकच बोभाटा होणार: आत्यानं भाचीसाठी गणित रचलं. बासष्ट पोरांच्या पायाखालची फळी जाणार. शिवाय शपथ घेतली होती, आणि शपथेवर ठाम सांगण्याइतकं तिला ठाऊक नव्हतं. उंबऱ्यात बसून तिनं ती पापणी तपासली होती, आणि तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही हे तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

"त्रेसष्टांत फार तर चार दोषी धरले," ती म्हणाली, "तर त्यातला कुणीही एक निर्दोष असण्याची शक्यता चौऱ्याण्णव टक्के. ईश्वरी त्या त्रेसष्टांतली एक आहे."

"मी तुमच्या भाचीबद्दल विचारतोय."

"चौऱ्याण्णव टक्के."

ईश्वरीनं मान खाली घातली. तिला उभं करून विचारलं, "तुम्ही प्रश्नपत्रिका आधी पाहिली होती का?" ती म्हणाली, "नाही," आणि आणखी काही विचारलं नाही म्हणून बसली. आत्यानं तसंच सांगितलं होतं.

आठ दिवसांत यादी रद्द झाली. त्रेसष्टच्या त्रेसष्ट पोरांना गुण परत मिळाले. गोपनीयता मोडली म्हणून हेमांगी निलंबित झाली, ते अपेक्षितच होतं. पण त्या दिवशी सुनावणीनंतर जिन्यापाशी प्रल्हाद जे बोलला ते अपेक्षित नव्हतं.

"तुझ्यामुळं पोरगी सुटंल, ते मी जन्मात विसरणार न्हाई," तो म्हणाला. "पण परक्या माणसानं चोर म्हणलं तर निस्तरता येतं, हेमा. तू भर सभेत सांगितलंस, शंभरातली सहा वेळा चोर हाय म्हणून. सहा वेळा कशाला?"

"दादा, ते तसं नसतं. ती शक्यता—"

"मला गणित कळत न्हाई. मास्तर हाय मी, मराठीचा."

ईश्वरी पुढे आली आणि वाकून पाया पडली, घरी आलेल्या पाहुण्यांच्या पडतात तशी. मग बापाबरोबर जिना उतरून गेली.

तिला प्रवेश मिळाल्याचं हेमांगीला वहिनीकडून कळलं. फोन केला की ईश्वरी आंघोळीला गेलेली असे, नाहीतर वर्गात. भाऊबीजेला हेमांगी उदगीरला गेली. पोरगी आदल्याच दिवशी वसतिगृहात परतली होती. प्रल्हादनं ओवाळून घेतलं, ताटात साडी घातली, जेवायला बसवलं. चौथं ताट कुणी मांडलं नाही. हेमांगी मनात तेच तेच घोळवत राहिली: मी चूक काय केली? खोटं तर बोलले नाही. आकडा तर बरोबर होता.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी समितीच्या अंतिम अहवालाची प्रत टपालानं आली. मागे परिशिष्टं होती, त्रेसष्ट मुलांचे तक्ते. निलंबित माणसाला दुसरा उद्योग काय? ती पानं उलटत एकेचाळिसाव्यापर्यंत आली. सुनावणीच्या काळात स्वतःच्या नातेवाइकाचा तक्ता बघायला तिला मनाई होती. तिनं फक्त बेरीज पाहिली होती, चौदा. आता पहिल्यांदा पूर्ण तक्ता समोर होता. विसांच्या वीस ओळी, ईश्वरीच्या पडद्यावर तो प्रश्न कितवा होता, तिनं कितवा पर्याय निवडला, बरोबर की चूक.

प्रश्न ११, पर्याय तिसरा. प्रश्न ३७, पर्याय पहिला. प्रश्न ५४, दुसरा. प्रश्न ६८, चौथा.

काही खास नव्हतं. तिनं पान उलटायला बोट लावलं आणि तिच्या ओठांनी, तिला न विचारता, एक जुनी सवय चालू केली. अकरा पावकी पावणेतीन.

बोट थांबलं.

पावणे. म्हणजे पाऊण. तीन पाव. पर्याय तिसरा.

सदतीस पावकी सव्वानऊ. वरचा पाव एक. पर्याय पहिला. चौपन्न पावकी साडेतेरा, अर्धा, दोन पाव, दुसरा. अडुसष्ट पावकी सतरा, पुरे, चौथा. त्र्याण्णव पावकी सव्वातेवीस, पहिला. एकशे त्रेचाळीस पावकी पावणेछत्तीस, तिसरा. ती मोठ्यानं म्हणत गेली, घरात एकटीच. विसाव्या ओळीपर्यंत एकही चुकलं नाही. जिथं यंत्रानं चूक म्हणून शिक्का मारला होता त्या सहा ओळींतही पावकी बिनचूक होती.

'मनाला विचारू नकोस. बाहेरचं काहीतरी धर आणि त्याला विचार.' पोरीनं धरलं होतं. आत्याची पावकी धरली होती. ज्यानं उत्तरं आधी पाहिली आहेत तो कशाला प्रश्नाचा क्रमांक घेऊन पावकी म्हणत बसेल? हे सगळं योगायोगानं जुळायची शक्यता हेमांगीनं सवयीनं काढली. एक लाख कोटीत एक. म्हणजे शंभर टक्के, त्याला दुसरं नाव नाही. आणि ही साक्ष जूनपासून त्या उंबऱ्यात बसून होती. 'मला जे येत न्हवते ना, ते मी तुझ्या—' एवढं बोलून झालं होतं तिचं. पुढचा एक शब्द ऐकून घेतला असता तर!

'पेपर पाहिलास का' हे तिनं विचारलं होतं. 'उत्तरं कशी दिलीस गं' हे कधीच विचारलं नव्हतं. तिला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही.

बऱ्याच वेळानं तिनं तोंड धुतलं आणि फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला, पण बोललं नाही. मागे वसतिगृहातल्या पोरींचा कालवा ऐकू येत होता.

काय बोलायचं ते हेमांगीनं ठरवलं होतं. चुकलं माझं, इथपासून सुरुवात करायची होती. पण गळ्यातून निघालं ते भलतंच.

"ईशू... त्रेचाळीस पावकी?"

दार लोटल्याचा आवाज झाला, कालवा बंद पडला.

"पावणेअकरा," ईश्वरी म्हणाली.

"म्हणजे पर्याय तिसरा."

"हं."

"वीसच्या वीस जुळले, बाळा. मी आत्ता बघितले. चुकलं माझं."

हेमांगीनं फोन दोन्ही हातांनी धरला होता. पलीकडून आवाज आला तो भरलेला होता, आणि त्यात राग होता, सगळा साठवलेला.

"आता विचारायलीस व्हय, आत्या?"

ती कानाला फोन लावून तशीच बसून राहिली. पलीकडे पोरगी रडत होती. फोन मात्र तिनं ठेवला नाही.